परमुलखाचे पाणी आणि घरचा गळ

परमुलखात बिऱ्हाड हलवणारा मनुष्य कोणते जिन्नस बरोबर घेतो आणि कोणते मागे ठेवतो, यावरून त्याच्या स्वभावाची बरीचशी पारख करता येते. परंतु मासे गरवण्याचा शौक असलेल्या गृहस्थाच्या बाबतीत ही पारख बहुधा फसते, कारण एरवी हिशेबी आणि विचारी असलेला हाच मनुष्य गळ, दोरा, काठी आणि जाळे यांच्यापुढे आला की आपली विवेकबुद्धी गुंडाळून ठेवतो आणि ज्या पाण्याचे त्याने दर्शनही घेतलेले नाही, त्या पाण्यासाठी सामान बांधू लागतो. भांडीकुंडी परमुलखातही त्याच कामास येतात, कपडे हवेप्रमाणे कमीअधिक जाड करता येतात. पण मासेमारीचा सरंजाम हा त्या त्या पाण्याने, त्या पाण्यातील माशांच्या तोंडाने आणि त्या पाण्यावर ज्याचा अंमल चालतो त्याच्या कायद्याने ठरलेला असतो, आणि या तिन्ही गोष्टी वेस ओलांडली की बदलतात. भिलाई-3 सारख्या वसाहतीत, जेथे एक पिढी बाहेरून आली आणि दुसरी पिढी आता बाहेर निघाली आहे, तेथे हा प्रश्न केवळ शौकाचा राहत नाही.

ज्यांना भिलाई म्हणजे पोलादाचा कारखाना एवढेच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगणे अवश्य आहे. दुर्गहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भिलाईनगर आणि पॉवर हाऊस ही स्थानके मागे पडली की भिलाई-3 लागते; त्यापुढे चरोदा आणि तेथील मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड, मग कुम्हारी, आणि मग दुर्ग व रायपूर या जिल्ह्यांची सीमा होऊन वाहणारी खारून नदी. खारून पुढे शिवनाथेस मिळते, शिवनाथ महानदीस, आणि महानदी बंगालच्या उपसागरास. म्हणजे ज्या मराठी माणसाच्या मनातील सर्व नद्या एक तर सह्याद्रीवरून अरबी समुद्रात धाव घेतात किंवा गोदावरी-कृष्णेच्या रूपाने दख्खन ओलांडतात, त्याला येथे अगदी निराळ्याच जलसंसाराशी गाठ घालावी लागते. मराठी माणूस या मुलखास नवखा मात्र नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर 1854 पर्यंत होता, आणि 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला त्या वेळी हा सारा प्रदेश ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्यात, रेल्वेत व त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या धंद्यांत चाकरीसाठी भंडारा, नागपूर, चंद्रपूर येथून, आणि काही थोडे कोकणातूनही, मराठी लोक येथे येऊन राहिले.

आता यांपैकी भंडाऱ्याचा मनुष्य आणि मालवणचा मनुष्य यांची तुलना करून पाहावी. भंडारा-गोंदियाचा मुलूख हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले आणि मालगुजारांच्या वहिवाटीत गेलेले जुने तलाव, त्यांतील कमळवेली, गाळ, मरळ आणि रोहू, आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारा ढीवर समाज, हे सर्व त्याने बालपणापासून पाहिलेले असते. छत्तीसगढातील तरिया, म्हणजे गावतळे, त्याला घरचेच वाटते. त्याची बांबूची काठी, त्याचे हलके बूच, त्याच्या पेंडीच्या गोळ्या येथे जशाच्या तशा चालतात; फक्त ढीवराच्या जागी केवट किंवा ढीमर येतो आणि भाषेचा हेल पालटतो. त्याच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

मालवणच्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. तो मासेमारी शिकला तो भरती-ओहोटीच्या घड्याळावर. खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते, म्हणून त्याच्या तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याला, जड शिसे बांधलेले असते, नाही तर आमिष तळाशी ठरतच नाही. तांबोशी किंवा गोब्रा गळाला लागला की खडकाच्या कपारीत शिरतो, म्हणून त्याचा तंगूस जाड असतो. आणि खाऱ्या हवेत लोखंड पाहता पाहता गंजते, म्हणून त्याचा गळ कथील किंवा निकेल चढवलेला आणि भरभक्कम असतो. काठीची त्याला फारशी मातब्बरी नाही. खडकावर उभे राहून हाताने तंगूस भिरकावणे आणि बोटावर येणाऱ्या धक्क्याने मासा ओळखणे, हीच त्याची विद्या. आमिष म्हणजे कोळंबी, नाही तर तारलीचा तुकडा. हा सर्व सरंजाम घेऊन तो भिलाई-3 च्या आसपासच्या एखाद्या तळ्याच्या काठी बसला, तर काय होईल?

प्रथम त्याचे शिसे गाळात रुतेल. स्थिर पाण्यात त्या वजनाचे काहीच प्रयोजन नाही; उलट माशाने आमिष तोंडात घेताच त्यास अपरिचित जडपणा जाणवतो आणि तो ते थुंकून देतो. या तलावांत जे मासे प्रामुख्याने पोसले जातात, ते कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एकाच कुळातील असले तरी एकाच पंक्तीस जेवत नाहीत. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात वावरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले आणि त्याचे अन्न तळाशी. म्हणजे बूच गळापासून किती अंतरावर बांधायचे, हा प्रश्न या पाण्यात गळाच्या आकारापेक्षाही महत्त्वाचा ठरतो, आणि खाडीवरच्या माणसाला बुचाची सवयच नसते. त्यातून या माशांना दात जबड्यांत नसून घशात असतात; ते चावत नाहीत, चोखतात. त्यांच्यासाठी गळ लहान, बारीक तारेचा आणि तीक्ष्ण लागतो; तांबोशीसाठी घेतलेला गळ रोहूच्या तोंडात मावण्याचीच पंचाईत. आमिषाचेही तसेच. कोळंबी येथे महाग आणि निरुपयोगी. कणीक, भाताचा कोंडा, मोहरीची किंवा भुईमुगाची पेंड, त्यांत थोडा सुवास आणणारा मसाला, यांचा मळलेला गोळा हेच येथील खाद्य. तळाशी राहणाऱ्या मिशाळ माशांसाठी गांडूळ, मरळीसाठी लहान बेडूक किंवा मासोळी.

मोठ्या डोहात राहणारा पढिना हा मात्र अपवाद. त्याच्या जबड्यांत सुईसारख्या दातांच्या रांगा असतात, साधा दोरा तो कातरून टाकतो, आणि त्याच्यासाठी गळाच्या वर वीतभर धातूची तार लावावी लागते. येथे मालवणच्या माणसाचा जाड सरंजाम थोडाफार उपयोगी पडतो. पण पढिन्यासाठी गावतळे सोडून शिवनाथेच्या डोहाकडे किंवा तांदुळा, गंगरेल यांसारख्या धरणांच्या पाण्याकडे जावे लागते, आणि तेथे जाण्यापूर्वी आणखी एक मामला निकालात काढावा लागतो. त्याकडे पुढे येऊ.

तळ्याच्या काठावर बसलेल्या एखाद्या वृद्ध केवटाला आपला गळ दाखवावा, तर तो हसून म्हणतो, ‘ए तरिया मा ए गरी नइ चलय, भइया.’ कोकणातल्याप्रमाणे येथेही गळाला गरीच म्हणतात, त्यामुळे एवढे तरी समजावून घ्यावे लागत नाही. अशा माणसाच्या शेजारी काही न टाकता बसून राहणे, तो काठी किती लांब घेतो, बूच कोठे बांधतो, दुपारी उन्हात उठून का जातो, हे न्याहाळणे, याला परमुलखातील पहिल्या मोसमात तोड नाही. वैशाखात तळी आटतात, पाणी तापते, पाण्यातील प्राणवायू उणावतो आणि मासे दुपारी अन्नास तोंड लावीत नाहीत. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण ती सांगितल्याने त्याचा माल खपत नाही.

काठीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हौशी मनुष्य सर्वांत अधिक पैसा तिच्यावर उधळतो. या तळ्यांसाठी दहा-बारा फूट लांबीची, बुरडाकडून किंवा बाजारातून निवडून घेतलेली, निमुळत्या शेंड्याची बांबूची काठी पुरेशी असते, आणि छत्तीसगढात बांबूची वाण नाही. ज्याला दूरवर आमिष फेकायचे आहे त्याने रीळ लावलेली काठी घ्यावी. पण ती काचतंतूंची घ्यावी की कार्बनतंतूंची, हा केवळ किमतीचा प्रश्न नव्हे. कार्बनची काठी हलकी व संवेदनशील असते हे खरे. तीतून विजेचा प्रवाहही वाहतो हेही तितकेच खरे. चरोद्याच्या यार्डातून आणि हावडा-मुंबई मार्गावरून पंचवीस हजार व्होल्ट दाबाच्या तारा गेलेल्या आहेत, कारखान्याकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या शेतांवरून आणि डबऱ्यांवरून ताणलेल्या आहेत. अशा तारांच्या खाली किंवा जवळ लांब काठी उंचावणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण होय. तारेस प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असेही नाही. एवढ्या दाबाची वीज थोडे अंतर उडीही घेऊ शकते. ओला बांबूही या बाबतीत विश्वासार्ह नाही. जागा बदलावी, हाच उपाय.

आता तो राहिलेला मामला. परमुलखात गळ निवडण्यापूर्वी पाणी कोणाचे आहे हे विचारले पाहिजे, आणि या प्रश्नाचे उत्तर छत्तीसगढात दिसते तितके सोपे नाही. गावचा तलाव बहुधा निस्तारी असतो, म्हणजे स्नान, गुरे, धुणे यांसाठी त्यावर साऱ्या गावाचा हक्क असतो. पण निस्तारीचा हक्क म्हणजे माशांचा हक्क नव्हे. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि पुढे पंचायतींच्या हाती येऊन त्यांतील मासे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना किंवा गटांना पट्ट्याने दिले जाऊ लागले. ज्यांनी पट्ट्याची रक्कम भरली, मत्स्यबीज सोडले आणि वर्षभर राखण केली, त्यांच्या तलावात बाहेरच्याने बुडवलेला गळ हा शौक नसून चोरी आहे. देवालयाच्या कुंडांची गोष्ट तर बोलायलाच नको. जवळच्या देवबलोद्याच्या कलचुरीकालीन शिवमंदिराला लागून कुंड आहे, तेथे दर्शन घ्यावे आणि गळ घरी ठेवावा. कारखान्याच्या ताब्यातील जलाशयांवर सुरक्षेचे नियम वेगळे. परवानगीवाचून तेथे पाऊल टाकू नये.

याहून मोठा घोटाळा पावसाळ्यात होतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिला जोराचा पाऊस पडला, ओढ्यांना लाल पाणी आले, की चढणीचे मासे धरण्यास सारा गाव बाहेर पडतो; अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे भाताच्या खाचरांत, ओहोळांत सापडतात आणि कंदील, पाग, टोपली, जे हाती लागेल ते घेऊन लोक धावतात. लहानपणीचा हा आनंद मराठी माणसाच्या रक्तात असतो. परंतु छत्तीसगढात 16 जून ते 15 ऑगस्ट हा काळ नद्यांतील मासेमारीस बंदीचा आहे, आणि तो नेमका याच प्रजननाच्या काळासाठी ठरवलेला आहे. नदीशी ज्यांचा संबंध येत नाही अशा लहान तळ्यांना या बंदीतून सूट असते. पण शिवनाथेस जाऊन मिळणारा नाला हा त्या सवलतीत बसत नाही, मग तो केवढाही क्षुद्र दिसो. कोकणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, म्हणून तिकडच्या माणसाच्या मनात बंदी ही समुद्राची असते, ओढ्याची नव्हे. चढणीच्या माशांचा आनंद मलाही ठाऊक आहे, आणि तरीही कायदा येथे बरोबर आहे असेच माझे मत आहे. अंड्यांनी भरलेला एक मासा मारला की पुढच्या वर्षीचे किती मासे मारले जातात याचा हिशेब कोणीही करू शकतो.

स्फोटके आणि विष यांनी मासे मारण्यास तर 1897 च्या हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली आहे. त्याविषयी सभ्य वाचकास सांगावे लागू नये.

सरंजामाच्या निवडीचा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, आणि तो गरिबांपुरताही नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. त्यात काठी, दोरा, गळ आणि निरनिराळ्या माशांना निरनिराळे खाद्य यांचा विचार केलेला आहे. 1951 साली प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. राजा परमुलखात गेला नव्हता. पण मासा बदलला की आमिष बदलते, हे त्याने लिहून ठेवले होते. सातशे वर्षांनी साहेब लोक आले ते मात्र ही गोष्ट विसरूनच आले. इंग्लंड-स्कॉटलंडातील सामन माशासाठी घडवलेल्या काठ्या आणि गळ घेऊन ते येथील नद्यांवर उभे राहिले आणि महसीर या बलाढ्य माशाने त्यांचे गळ जबड्यात दाबून चपटे केले. मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 साली मंगळुरास ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापले, ते मुख्यतः नव्याने येणाऱ्या अशा बांधवांना शहाणे करण्यासाठी. आपण ज्यांना जगज्जेते समजत होतो, त्यांनाही सरंजामाच्या बाबतीत पाण्यापुढे मान तुकवावी लागली.

आणखी एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. भिलाईत जसे लोक बाहेरून आले तसे तलावांत मासेही बाहेरून आले. तिलापिया 1952 साली हिंदुस्थानात आला, सायप्रिनस नावाने ओळखला जाणारा कार्प बँकॉकहून 1957 साली, आणि ज्या वर्षी येथील झोतभट्टी पेटली त्याच 1959 साली गवत्या व चंदेरी या दोन कार्पजाती. त्यातच 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या टोचणीने देशी कार्प माशांचे प्रजनन यशस्वी करून दाखवले, आणि नदीवर विसंबून न राहता तलावांसाठी मत्स्यबीज तयार करता येऊ लागले. परिणाम असा की आज एखाद्या तळ्यात कोणता मासा आहे हे निसर्गावर नसून तळ्याच्या पट्टेदाराने कोणते बीज सोडले यावर अवलंबून असते. गवत्याला कोवळे गवत किंवा पान लावले तरी चालते; चंदेरी मात्र पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो आणि गळाकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. तळ्यात चंदेरीच भरला असेल तर जगातील उत्तमोत्तम काठी घेऊन बसलेला मनुष्यही रिकाम्या हाताने परततो. पट्टेदारास दोन शब्द विचारले असते तर त्याची दुपार वाचली असती.

आता दुसऱ्या पिढीकडे येऊ. भिलाईत शिकलेली मुले आज सिडनी, व्हँकुव्हर, फ्रँकफर्ट, ऑकलंड येथे नोकऱ्यांसाठी जातात, आणि त्यांच्यापैकी ज्यांना पाण्याची ओढ आहे ती घरचा सरंजाम न्यावा की न न्यावा असे विचारतात. त्यांच्यासमोर आजोबांनी कोकणातून आणलेला पाग माळ्यावर असतो, वडिलांची काठी दाराआड असते, आणि भावना ही कायद्यापेक्षा जवळची असते.

पागाचेच, म्हणजे फेकजाळ्याचेच, उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात भरतीच्या पाण्यात ठरावीक मापाचे फेकजाळे चालते. सीमा ओलांडून न्यू साउथ वेल्समध्ये आले की तेच जाळे बेकायदा ठरते. एकाच देशात शेजारच्या दोन राज्यांत अशी स्थिती, मग खंड ओलांडल्यावर काय सांगावे! न्यू साउथ वेल्समध्ये गळ टाकण्यासाठीही शुल्क भरावे लागते. इंग्लंडात तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास गोड्या पाण्यात काठी टाकण्यासाठी परवाना लागतो, नद्यांमध्ये कार्पवर्गीय माशांसाठी 15 मार्च ते 15 जून बंदी असते, आणि हंस शिशाच्या गोळ्या गिळून मरू लागल्यामुळे 1987 सालापासून नेहमीच्या वापरातील शिशाच्या वजनांना मनाई आहे; म्हणजे कोकणच्या माणसाची शिशाची पुरचुंडी तेथे निषिद्ध माल ठरते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ओढ्या-नद्यांत गळाच्या टोकामागील उलटा काटा असता कामा नये. पक्कडीने तो दाबून सपाट केला तरी चालते, पण तो तसाच ठेवला तर दंड होतो. जर्मनीत तर साधारणपणे परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून परवानाच मिळत नाही. माशांच्या जाती, त्यांची शरीररचना, मासा वेदना न देता कसा मारावा आणि कायदेकानू, यांची ती परीक्षा असते. आमच्याकडील केवट या परीक्षेस बसला तर पहिल्या भागात पहिला येईल आणि शेवटच्या भागात नापास होईल, असे वाटल्यावाचून राहत नाही.

न्यूझीलंडचे प्रकरण सर्वांत उद्बोधक आहे. त्या देशाच्या दक्षिण बेटावरील नद्यांत 2004 साली डिडिमो नावाचे सूक्ष्म शेवाळ सापडले. ते खडकांवर घोंगड्यासारखे पसरते आणि ओल्या सामानाला चिकटून एका नदीतून दुसरीत जाते. तेव्हापासून वापरलेले बूट, जाळी, दोरे, काठ्या सीमेवर घोषित कराव्या लागतात, आणि त्या स्वच्छ व पूर्ण वाळलेल्या नसतील तर अडवल्या जातात. ऑस्ट्रेलियातही वापरलेल्या सामानाची अशीच तपासणी होते. बांबू आणि लाकूड यांच्याकडे किडीच्या संशयाने पाहिले जाते, जिवंत गांडूळ किंवा वाळवलेले आमिष तर सरळ जप्त होते. शिवनाथेचा गाळ सुकलेला बूट घेऊन उतरणारा मनुष्य स्वतःस निष्पाप समजतो. जकात अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो संसर्गाचा वाहक असतो, आणि अधिकाऱ्याचीच बाजू शास्त्राची आहे.

मग न्यावे काय? माझा अभिप्राय असा की काठी, शिसे, आमिष आणि जाळे यांतले काहीही नेऊ नये. काठ्या जगात सर्वत्र मिळतात आणि त्या त्या पाण्यासाठी घडवलेल्या मिळतात. लांब काठीचे विमानभाडे तिच्या किमतीइतके होऊ शकते. उत्तम प्रतीचे रीळ असेल तर ते उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून नेण्यास हरकत नाही. मात्र गोड्या पाण्यासाठीचे रीळ समुद्रावर वापरू नये, मिठाने त्याचे आतील भाग खाल्ले जातात. जुना तंगूस न्यावा असे अनेकांस वाटते, पण नायलॉन उन्हाने निर्बल होतो आणि ते निर्बलत्व डोळ्यांस दिसत नाही. तो येथेच टाकून द्यावा, आणि टाकतानाही बारीक तुकडे करून टाकावा, नाही तर पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. एक चांगली पक्कड, गळाला धार करायची लहान कानस, आणि थोडे गळ, एवढे मोठ्या पेटीत ठेवता येते. हातातल्या सामानात गळ ठेवू नये, विमानतळावर तो काढून घेतला जाईल. गळांच्या क्रमांकाचा गोंधळ मात्र आधीच समजून घ्यावा. साध्या क्रमांकांत एकापासून पुढे आकडा जसा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे दहा क्रमांकाचा गळ चार क्रमांकापेक्षा बारीक. आणि एकाहून मोठ्या गळांचे शून्य जोडलेले क्रमांक सुरू झाले की उलट क्रम लागतो, तेथे पाच शून्य हा दोन शून्यापेक्षा मोठा. दोऱ्याची ताकद काही देशांत पौंडांत लिहितात, काही ठिकाणी किलोत. एक किलो म्हणजे सुमारे सव्वादोन पौंड हे ध्यानात ठेवले की दुकानात फसगत होत नाही.

बाकी जे न्यायचे ते हातांत असते. गाठ बांधण्याची विद्या कोठेही जप्त होत नाही. नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तेथेच दोरा कमकुवत होतो, हे मालवणच्या खडकावर जितके खरे तितकेच कॅनडातील फ्रेझर नदीच्या काठावरही खरे. बोटावर धक्का ओळखणे, वाऱ्याकडे पाठ करून बसणे, पाण्याच्या रंगावरून खोली ताडणे, या गोष्टींना परवाना लागत नाही.

म्हणून भिलाईहून परदेशी निघालेल्या तरुणास एवढेच सांगणे आहे की सामान बांधण्यापूर्वी त्या देशाच्या, आणि देशाच्याच नव्हे तर ज्या राज्यात किंवा प्रांतात राहणार त्याच्या, मत्स्यखात्याचे नियम वाचावेत. पोहोचल्यावर पहिला मोसम स्थानिक माणसाच्या शेजारी बसून पाहण्यात घालवावा. परवान्याचे शुल्क भरावे आणि मगच दुकानात जावे. आजोबांचा पाग घरीच ठेवावा. तो कोकणात कोणा नातलगास देता आला तर उत्तम, कारण खाडीवर तो अजूनही चांगले काम देईल. सिडनीत पाण्याकाठी तो बाळगल्याबद्दल दंड होऊ शकतो.